गुडघा निसटतो : एसीएलच्या ऑपरेशनआधी ग्राफ्टइतकीच बोगद्याची चौकशी करा

कुळागर (धागाकर्ता)

शेतं कापून झाली की वाड्यावाड्यावर फुटबॉल सुरू होतो आणि इथे तेच प्रश्न पुन्हा येतात. "एसीएल तुटलंय, कुठला ग्राफ्ट चांगला? स्क्रू टायटॅनियमचा की विरघळणारा?" एसीएल म्हणजे गुडघ्यात मांडीचं आणि नडगीचं हाड बांधून ठेवणारा बंध, आणि ग्राफ्ट म्हणजे त्याच्या जागी बसवायचा दुसरीकडचा स्नायूबंध. ग्राफ्टचा प्रश्न महत्त्वाचा आहेच, पण फसलेल्या ऑपरेशनांत बोगदा (ग्राफ्ट ओवण्यासाठी हाडात पाडलेलं भोक) चुकीच्या जागी पाडलेला असणं, सोबतची दुसरी इजा नजरेतून सुटणं आणि मैदानावर लवकर उतरणं ही तीन कारणं पुन्हापुन्हा सापडतात. म्हणून हा धागा.

आधी थोडं शरीरशास्त्र. एसीएल साधारण ३ सेंमी लांबीचा, दोन पदरी. एक पदर गुडघा वाकवल्यावर ताणतो, दुसरा सरळ केल्यावर. नडगीचं हाड पुढे घसरू न देणं आणि पायाची आत फिरणारी पीळ रोखणं ही त्याची दोन कामं. जिना उतरताना त्रास नाही, पण बॉल घेऊन वळलं की गुडघा "जातो", हे दुसऱ्या कामाचं अपयश. तपासणीत लॅकमन चाचणी (गुडघा २० ते ३० अंश वाकवून नडगी पुढे ओढणं) पहिल्या कामाचा हिशेब सांगते, पिव्हट शिफ्ट (पाय आत पिळत गुडघा वाकवणं) दुसऱ्याचा. ताज्या, सुजलेल्या गुडघ्यात रोगी स्नायू आवळून धरतो, त्यामुळे पिव्हट शिफ्ट खोटी "नॉर्मल" येऊ शकते. भूल दिल्यावर टेबलावर ती पुन्हा करायचीच.

एसीएल तुटला म्हणजे ऑपरेशन ठरलंच, असं नाही. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या स्वीडनमधल्या कॅनन चाचणीत १२१ तरुण, सक्रिय लोकांचे दोन गट केले होते. एका गटाचं लवकर ऑपरेशन केलं. दुसऱ्याला आधी व्यायाम दिले आणि गरज पडली तरच ऑपरेशन. दोन वर्षांनी दोन्ही गटांचे गुडघ्याच्या अवस्थेचे गुण जवळपास सारखे होते. व्यायामवाल्यांपैकी सुमारे ३९ टक्क्यांना दोन वर्षांत ऑपरेशन लागलं, पाच वर्षांत निम्म्यांना. याचा अर्थ दोन्ही बाजूंनी लावता येतो, आणि लोक आपल्या सोयीचाच लावतात. माझं मत असं: वळणं-उड्यांचा खेळ सोडायचा नसेल, व्यायामानंतरही गुडघा निसटत असेल, किंवा शिवण्याजोगी गादी (दोन हाडांमधली कूर्चेची चकती, मेनिस्कस) सोबत फाटली असेल, तर ऑपरेशन. पन्नाशीचा दुकानदार सरळ चालतोय, गुडघा निसटत नाही, तर आधी तीन महिने मांडीचे स्नायू कमवा.

---

अबोली_फिजिओ

कुळागर भाऊ, एक भर. इजेनंतर पहिल्या आठवड्यातच "टेबलावर घ्या" म्हणून हट्ट धरणारे पुष्कळ भेटतात. सुजलेल्या, न वाकणाऱ्या गुडघ्यावर एसीएल बसवला की तो आखडण्याचा धोका वाढतो. तारखेपेक्षा गुडघ्याची अवस्था पाहा. सूज जवळपास ओसरलेली, दुसऱ्या पायाइतका पूर्ण सरळ होणारा, किमान १२० अंश वाकणारा आणि पाय सरळ उचलताना गुडघ्यात वाक न येणारा हवा. बहुतेकांना याला तीन ते सहा आठवडे लागतात.

अपवाद एकच मोठा. गादीचा तुकडा उलटून सांध्यात अडकला असेल आणि गुडघा सरळच होत नसेल, तर थांबण्यात गादीचं नुकसान आहे.

---

वाळपयचो

पेरोनियस लॉंगसचा (पोटरीच्या बाहेरच्या बाजूच्या स्नायूचा) ग्राफ्ट हल्ली बराच ऐकू येतो. घोट्याजवळची नस काढली तर घोटा लंगडा नाही का होणार? आणि नारळ पाडणारे पाडेली, लादीकाम करणारे, भजनाला तासन् तास मांडी घालणारे, सगळ्यांना एकच ग्राफ्ट कसा चालेल?

---

कुळागर

नाही चालत. प्रश्न नेमका विचारलात, ग्राफ्ट कामावरून निवडायचा. (आणि ती नस नव्हे, स्नायूबंध. नस कापली तर वेगळाच धागा काढावा लागेल.)

हॅमस्ट्रिंग : मांडीच्या मागचे सेमिटेंडिनोसस आणि ग्रॅसिलिस. छेद लहान, पुढून दुखणं कमी, म्हणून आपल्याकडे सर्वाधिक चालतो. किंमत अशी की गुडघा खूप वाकवून ओढण्याची ताकद काही प्रमाणात कमी होते. माडावर चढणाऱ्या पाडेल्याला नेमकी तीच ताकद लागते. शिवाय किरकोळ अंगाच्या माणसात ग्राफ्ट बारीक निघतो. ८ मिमीपेक्षा कमी जाडी असली, विशेषतः विशीच्या आतल्या खेळाडूत, तर पुन्हा तुटण्याचं प्रमाण वाढतं.

पटेलर टेंडन : गुडघ्याच्या वाटीखालच्या स्नायूबंधाचा मधला एक-तृतीयांश भाग, साधारण १० मिमी रुंद, दोन्ही टोकांना २० ते २५ मिमीचे हाडाचे तुकडे. हाडाला हाड सहा आठवड्यांच्या आसपास जुळतं, स्नायूबंध हाडात रुजायला त्याहून जास्त वेळ घेतो. फुटबॉलपटूसाठी भक्कम. पण गुडघे टेकताना दुखतं. लादी बसवणारा किंवा चर्चमध्ये रोज गुडघे टेकणारा असेल तर हे आधी सांगायलाच हवं. वाटीचं हाड तडकण्याचा धोका लहान आहे, पण आहे. हाडाचा तुकडा खोल किंवा चौकोनी कोपऱ्यांनी कापला की तो वाढतो.

क्वाड्रिसेप्स : वाटीवरचा स्नायूबंध. जाडी हुकमी मिळते, गुडघे टेकायला त्रास कमी. मात्र मांडीचा पुढचा स्नायू परत यायला वेळ लागतो, फिजिओकडे आळस केला तर हा ग्राफ्ट सूड घेतो.

पेरोनियस लॉंगस : बाहेरच्या घोट्याच्या २-३ सेंमी वर, मागच्या बाजूला लहान छेद. स्नायूबंध कापण्याआधी त्याचं खालचं टोक शेजारच्या पेरोनियस ब्रेव्हिसला शिवायचं. ही पायरी गाळू नये. स्ट्रिपर (स्नायूबंध सोलून काढायचं हत्यार) वर नेताना फिब्युलाच्या (नडगीशेजारच्या बारीक हाडाच्या) डोक्याच्या ४-५ सेंमी खाली थांबायचं, कारण तिथून पाऊल उचलणारी मज्जातंतू वळते. जाडी बहुधा ८ मिमीच्या वर मिळते. घोटा लंगडा होत नाही, पण पाऊल बाहेर वळवण्याची ताकद थोडी घटते. धावणारा, आधीच घोटा मुरगळणारा खेळाडू असेल तर मी तरी हा पहिली पसंती म्हणून घेणार नाही. गुडघ्याची आतली बाजूही सैल असेल, म्हणजे एमसीएल गेलेला असेल, तर मात्र हा उत्तम. त्या बाजूचे हॅमस्ट्रिंग तेव्हा जागेवरच हवेत.

दात्याचा ग्राफ्ट तरुण खेळाडूत टाळावा. रुजायला उशीर लागतो आणि तुटण्याचं प्रमाण जास्त.

---

ओटी_क्रमांक_दोन

टेबलावरचा हिशेब मी लिहितो. फसतं ते बहुतेक इथेच.

हॅमस्ट्रिंग काढताना नडगीवरच्या उंचवट्याच्या आतल्या बाजूला ३ सेंमीचा छेद. वरच्या सार्टोरियस स्नायूचा पापुद्रा उघडला की वर ग्रॅसिलिस, खाली सेमिटेंडिनोसस. सेमिटेंडिनोससपासून पोटरीच्या स्नायूकडे जाड पट्टे जातात. ते बोटाने चाचपून कापल्याशिवाय स्ट्रिपर घातला तर तो पट्ट्याच्या दिशेने भरकटतो आणि स्नायूबंध मध्येच तुटून हातात येतो. खूण सोपी आहे: स्नायूबंध ओढला असता पोटरीवर खळगा पडत असेल तर पट्टा अजून शिल्लक आहे. गुडघा ९० अंशात, स्ट्रिपर मांडीच्या रेषेत, जोर हळू आणि सलग.

सेमिटेंडिनोसस २८ सेंमी मिळाला तर चौपदरी करून ७ सेंमी होतो. त्यातला सुमारे ३ सेंमी सांध्यात, उरलेला दोन्ही बोगद्यांत प्रत्येकी २० मिमी. यापेक्षा आखूड निघाला तर ग्रॅसिलिस जोडून पाच-सहा पदर करायचे, पण जाडीच्या मोहात बोगद्यातली लांबी १५ मिमीच्या खाली नेऊ नये.

बटणाचं गणित (बटण म्हणजे हाडाबाहेर आडवं बसून दोऱ्याच्या लूपने ग्राफ्ट लटकवून धरणारी धातूची छोटी पट्टी) : मांडीच्या हाडातला पूर्ण बोगदा ४० मिमी आणि ठरावीक मापाचा लूप १५ मिमीचा असेल, तर ग्राफ्ट २५ मिमी आत जाणार. पण बटण पलीकडे जाऊन आडवं व्हायला आणखी ६-७ मिमी मोकळी जागा लागते. म्हणजे रुंद बोगदा ३२ मिमी खोल पाडायचा. २५ वर थांबलात तर बटण उलटत नाही आणि पंधरा मिनिटं सगळे एकमेकांकडे बघत बसतात. मापात कमी-जास्त होणाऱ्या लूपला ही जागा लागत नाही. तिथे चूक उलटी होते: फार जोरात ओढून बटण स्नायूत रुततं, हाडावर बसतच नाही, आणि काही आठवड्यांत ग्राफ्ट ढिला पडतो. शंका असेल तर सी-आर्मवर (टेबलावरच्या एक्स-रे यंत्रावर) एक फोटो घ्यावा.

दोन्ही बाजूंना बंद खाचा ठेवण्याची ऑल-इनसाइड पद्धत असेल तर दोन खाचा आणि सांध्यातलं अंतर मिळून ग्राफ्टपेक्षा १० मिमी तरी जास्त हवं. नाहीतर ग्राफ्ट तळाला टेकतो आणि कितीही ओढला तरी ताणच येत नाही.

ग्राफ्ट तयार झाला की व्हॅन्कोमायसिन या प्रतिजैविकाच्या पाण्यात भिजवलेल्या गॉजमध्ये गुंडाळून ठेवायचा: ५०० मिग्रॅ १०० मिली सलाइनमध्ये, म्हणजे मिलीला ५ मिग्रॅ. १०-१५ मिनिटं. पाच रुपयांची अक्कल वाटावी इतकी साधी गोष्ट, पण सांध्यातला जंतुसंसर्ग यामुळे लक्षणीय घटल्याचं अनेक अभ्यासांत दिसलं आहे.

शेवटी गुडघा १५-२० वेळा पूर्ण वाकवून-सरळ करून ग्राफ्टमधली ढील काढायची, मगच नडगीकडचा स्क्रू. स्क्रू बोगद्याइतका किंवा १ मिमी जाड. त्या वेळी गुडघा जवळपास सरळ ते २० अंशांपर्यंत. ६० अंशात घट्ट केलात तर रोगी पूर्ण सरळ उभा राहू शकणार नाही.

---

कुळागर

आणि आता धाग्याचा गाभा, बोगद्याची जागा.

जुन्या पद्धतीत मांडीच्या हाडातला बोगदा नडगीच्या बोगद्यातूनच पाडत. ड्रिलला दिशा बदलायला वाव नसल्याने तो बऱ्याचदा मांडीच्या हाडाच्या टोकाला असलेल्या मधल्या खाचेच्या छताकडे, घड्याळाच्या बाराच्या जवळ जाई. असा उभा ग्राफ्ट नडगीला पुढे जाऊ देत नाही. लॅकमन छान, डॉक्टर खूश. पण पीळ थांबत नाही, आणि मैदानावर गुडघा निसटतच राहतो. म्हणून आता बहुतेकजण आतल्या बाजूच्या वेगळ्या छिद्रातून, मूळ एसीएल जिथे चिकटलेला असतो त्या भिंतीवरच बोगदा पाडतात. त्यासाठी गुडघा ११०-१२० अंश किंवा जास्त वाकवून धरावा लागतो. मदतनिसाने कंटाळून पाय खाली सोडला की बोगदा आखूड होतो किंवा मागची भिंत फुटते. आत जाताना ड्रिल आतल्या कंडाइलच्या (मांडीच्या हाडाच्या गोल टोकाच्या) कूर्चेला घासतो, तिकडेही डोळा हवा.

मांडीचा बोगदा पुढे गेला तर गुडघा वाकवताना ग्राफ्ट ताणतो. मग एक तर वाकत नाही, नाहीतर जबरदस्तीने वाकवून ग्राफ्ट सैल होतो. नडगीचा बोगदा पुढे गेला तर सरळ करताना ग्राफ्ट छताला घासतो. तिथली सोपी खूण म्हणजे बाहेरच्या गादीच्या पुढच्या शिंगाची (टोकाची) मागची कड. बोगद्याचा मध्य साधारण त्या रेषेत.

---

फिल्म_वाचणारा

ऑपरेशननंतरच्या बाजूच्या एक्स-रेवर एवढं कुणीही पाहू शकतं: मांडीच्या हाडातल्या खाचेच्या छताची तिरकी पांढरी रेघ शोधा. बटणाकडे जाणारा बोगदा त्या रेघेच्या मागच्या टोकाकडे हवा. गुडघा सरळ असताना ती रेघ नडगीपर्यंत लांबवली तर नडगीचा बोगदा पूर्ण तिच्या मागे हवा. उभ्याने घेतलेल्या समोरच्या फोटोत ग्राफ्टची दिशा सरळ खांबासारखी दिसली तर तो वरचा "बारा वाजलेला" प्रकार.

ऑपरेशनआधीच्या तपासण्यांत सुटणाऱ्या गोष्टी:

आतल्या गादीच्या मागच्या कडेची रॅम्प फाट. एमआरआय गुडघा सरळ ठेवून होतो, त्यात ही फाट मिटते आणि रिपोर्टमध्ये "नॉर्मल" येतं. दुर्बीण खाचेतून मागे नेऊन बघितल्याशिवाय सापडत नाही. तशीच ठेवली तर सैलपणा उरतो.

बाहेरच्या गादीचं मूळ तुटणं. मूळ सुटलं की गादी असून नसल्यासारखी.

नडगीच्या बाहेरच्या कडेला चिमूटभर हाडाचा कपचा, याला सेगॉंड फ्रॅक्चर म्हणतात. कपचा क्षुल्लक दिसतो, पण तो असला की एसीएल तुटलेला असण्याची शक्यता फार मोठी.

नडगीच्या माथ्याचा मागचा उतार. १२ अंशांच्या वर असेल तर प्रत्येक पावलाला नडगी पुढे घसरायला बघते. पहिल्या ऑपरेशनात एवढ्यासाठी हाड कापत नाहीत, पण दोनदा तुटलेल्या ग्राफ्टवाल्याचा उतार मोजल्याशिवाय तिसरा बसवणं म्हणजे उतारावर हँडब्रेक न लावता गाडी सोडणं.

---

मांडवीपार

एसीएलसोबत गुडघ्याच्या बाहेरून पट्टीची जोड देण्याची, म्हणजे एलईटीची, हल्ली फॅशन झालीय असं माझं मत. सरसकट प्रत्येकाला कशाला?

---

कुळागर

सरसकट नको, पण फॅशन म्हणून झटकूही नका. स्टॅबिलिटी नावाची चाचणी २०२० मध्ये प्रसिद्ध झाली. २५ वर्षांखालचे, पुन्हा तुटण्याचा धोका जास्त असलेले ६१८ रुग्ण, सगळ्यांना हॅमस्ट्रिंग. नुसत्या ग्राफ्टवाल्यांपैकी ११ टक्क्यांचा तो दोन वर्षांत तुटला, जोड दिलेल्यांपैकी ४ टक्क्यांचा. कृती छोटी आहे: आयटी बँडची (मांडीच्या बाहेरच्या बाजूच्या जाड पट्ट्याची) १ सेंमी रुंद, ८ सेंमी लांब पट्टी. खालचं टोक नडगीला तसंच चिकटलेलं ठेवायचं, वरचं सोडवून एलसीएलच्या (गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूच्या बंधाच्या) खालून न्यायचं आणि मांडीच्या हाडावर बसवायचं. गुडघा ६० अंशांच्या आसपास, पाऊल सरळ. पाऊल बाहेर वळवून आवळलं तर गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूवर कायमचा दाब. आणि मांडीच्या बोगद्याशी टक्कर होणार नाही याची दिशा आधी ठरवावी.

विशीतला विंगर, जोरदार पिव्हट शिफ्ट, लवचिक सांधे, दुसऱ्यांदा ऑपरेशन: यांना द्या. चाळिशीच्या कारकुनाला कशाला?

---

मांडवीपार

हे पटलं. माझा आक्षेप "पॅकेज" म्हणून सगळ्यांना लावण्यालाच होता.

---

फिल्म_वाचणारा

दुचाकीवाल्यांसाठी वेगळं लिहायला हवं. स्कूटरवरून पडून वाकलेला गुडघा डांबरावर आपटला की नडगी मागे ढकलली जाते आणि पीसीएल (नडगीला मागे जाऊ न देणारा, एसीएलच्या मागचा बंध) जातो. यात पुष्कळदा लिगामेंट शाबूत राहून नडगीच्या मागच्या कडेचा हाडाचा तुकडा निघतो. समोरच्या एक्स-रेवर काही दिसत नाही, बाजूच्या फोटोत मागे बारीक कपचा. "मुका मार" म्हणून घरी पाठवलेले गुडघे यातलेच. तुकडा सरकलेला असेल तर तीन आठवड्यांच्या आत मागून लहान छेद देऊन ४ मिमीचा पोकळ स्क्रू आणि वॉशर. जुना झाला की तुकडा जागेवर बसत नाही.

---

कुळागर

बरोबर. निव्वळ पीसीएल अर्धवट फाटला असेल तर तो एसीएलपेक्षा समजूतदार. नडगीला मागून आधार देणारा ब्रेस आणि मांडीचे व्यायाम यावर बरेच सावरतात. एकटा एमसीएल बहुधा बिजागरीच्या ब्रेसमध्ये सहा आठवड्यांत जुळतो. गुडघ्याच्या मागच्या-बाहेरच्या कोपऱ्याचं (तिथल्या बंधांचं) तसं नाही. तो आपोआप भरत नाही, दोन-तीन आठवड्यांत शिवला किंवा नव्याने बांधला नाही तर शेजारचा नवा एसीएल ग्राफ्टही सोबत घेऊन जातो.

दोन किंवा अधिक लिगामेंट एकाच वेळी गेलेली दिसली तर गुडघा निखळून आपोआप बसला असं धरून चाला. तिथे लिगामेंट नंतर, आधी गुडघ्यामागची रक्तवाहिनी. पायाची नाडी हाताला लागते म्हणून निश्चिंत होऊ नये. घोट्याच्या आणि दंडाच्या रक्तदाबाचं गुणोत्तर ०.९ च्या खाली असेल तर लगेच सीटी अँजिओ. रक्तपुरवठा तुटल्यापासून सहा ते आठ तासांनंतर पाय वाचण्याची आशा झपाट्याने कमी होते. गोव्यात पेडण्याच्या किंवा सत्तरीच्या आतल्या गावात हे घडलं तर १०८ च्या रुग्णवाहिकेला फोन करताना "गुडघा निखळला, पाऊल थंड आहे" हे शब्द वापरा आणि बांबोळीच्या गोमेकॉचं (गोवा मेडिकल कॉलेजचं) नाव घ्या. जवळच्या दवाखान्यात एमआरआयची वाट बघत बसू नका.

---

अबोली_फिजिओ

ऑपरेशननंतरचं. घरच्यांची पहिली चूक म्हणजे मायेने गुडघ्याखाली उशी ठेवणं. उशी टाचेखाली ठेवा, गुडघा अधांतरी. दोन आठवड्यांत पूर्ण सरळ झाला पाहिजे. तीन महिन्यांच्या सुमारास सरळ करताना पुढे काहीतरी अडतंय, कट् आवाज येतोय असं झालं तर ग्राफ्टपुढे गाठ वाढलेली असू शकते. तिला सायक्लॉप्स म्हणतात. जोर लावून ती जात नाही, दुर्बिणीतून काढावी लागते.

गादी शिवली असेल तर चार ते सहा आठवडे वजन टाकून ९० अंशांपलीकडे वाकायचं नाही. गादीचं मूळ बसवलं असेल तर सहा आठवडे त्या पायावर भारच नाही. हॅमस्ट्रिंग काढला असेल तर मागच्या स्नायूवर वजन लावून व्यायाम सहा आठवड्यांनंतर.

फसवा काळ सहा ते बारा आठवड्यांचा. दुखणं संपलेलं असतं आणि ग्राफ्ट मात्र सगळ्यात कमकुवत असतो, कारण जुन्या पेशी मरून नव्या रक्तवाहिन्या शिरत असतात. याच काळात मंडळी स्कूटर काढतात. चालवण्यापेक्षा थांबताना धोका जास्त: चिखलात किंवा उतारावर पाय टेकला, गाडी कलली, आणि सगळी पीळ त्या एका गुडघ्यावर. मी तीन महिने नको म्हणते.

मैदानासाठी नऊ महिने ही किमान अट. नॉर्वेतल्या २०१६ च्या अभ्यासात नऊ महिन्यांपर्यंत पुनरागमन जितके महिने पुढे ढकललं, त्या दर महिन्यामागे पुन्हा इजेचं प्रमाण ५१ टक्क्यांनी घटलेलं दिसलं. त्याशिवाय मांडीची ताकद आणि एका पायावरच्या उड्या दुसऱ्या पायाच्या ९० टक्के. कॅलेंडर आणि चाचणी दोन्ही पास हवं, गावच्या स्पर्धेची फायनल हा निकष नाही.

---

वाळपयचो

देव बरें करूं सगळ्यांचं. दीनदयाळ कार्डावर (गोवा सरकारच्या आरोग्य विमा योजनेत) हे बसतं का? आणि बटण-स्क्रू पुढे काढावे लागतात का? मोपाला विमानतळावर वाजतील म्हणून घरचे घाबरलेत.

---

ओटी_क्रमांक_दोन

योजनेत तीनपर्यंत माणसांच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख, चार किंवा अधिक असतील तर चार लाख अशी मर्यादा आहे. पण मंजुरी पॅकेजनुसार मिळते. भरती होण्याआधी हॉस्पिटलच्या योजना कक्षात तीन गोष्टी लेखी घ्या: पॅकेजमध्ये कुठलं इम्प्लांट धरलंय, गादी शिवायचे टाके त्यात आहेत की वेगळे, आणि फिजिओ किती दिवस. गादीच्या टाक्यांचं बिल ऐनवेळी वेगळं येतं आणि मग "शिवण्याऐवजी कापून टाकू का" असा प्रश्न नातेवाइकांना विचारला जातो. त्याचं उत्तर आधीच देऊन ठेवा: शिवता येत असेल तर शिवाच.

बटण काढत नाहीत, आयुष्यभर राहिलं तरी चालतं. स्क्रूचं डोकं त्वचेखाली टोचत असेल तर वर्षभरानंतर काढता येतो. बटण नखाएवढंही नसतं, वाजण्याची शक्यता कमीच. डिस्चार्ज कार्डाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा म्हणजे झालं. टायटॅनियमवर पुढे एमआरआयही होतो, फक्त स्क्रूच्या आजूबाजूला चित्र थोडं डागाळतं.

---

वाळपयचो

आणि छेदाच्या बाहेरच्या बाजूला हातभर कातडी बधिर आहे, ते?

---

अबोली_फिजिओ

तिथून त्वचेची एक बारीक मज्जातंतू जाते, ग्राफ्ट काढताना ती दुखावते. पट्टा महिन्यांगणिक आक्रसत जातो, थोडा कायमचाही राहू शकतो. ताकदीशी त्याचा संबंध नाही. फक्त त्या जागेवर गरम पाण्याची पिशवी ठेवू नका, भाजलेलं कळत नाही.